गुन्ह्याच्या जागी तुला नेमकं कोण व्हायचंय?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मुलगी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, मुख्य विषय रसायनशास्त्र. तिला ‘क्राइम सीन इन्व्हेस्टिगेटर’ व्हायचंय आणि त्यासाठी बीएस्सी अर्धवट सोडून बारावीच्या गुणांवर फॉरेन्सिक सायन्सच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जायचा तिचा विचार आहे. मध्येच एका ऑनलाइन संस्थेने सहा महिन्यांत ‘प्रमाणित इन्व्हेस्टिगेटर’ करून देण्याचं ४५ हजार रुपयांचं आमिष दाखवलंय, सवलत महिनाअखेरपर्यंतच. वडील म्हणतात, पदवी घे आणि वेर्ण्याच्या एखाद्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लाग. आई म्हणते, मुलीच्या जातीनं मढ्यांच्या मागे फिरू नये. शिवाय रस्त्यावरचा अपघात पाहून तूच एकदा चक्कर येऊन पडली होतीस, असंही आईचं म्हणणं. शाळा चौथीपर्यंत मराठीतून झाली, इंग्रजी बोलताना अजून अडखळायला होतं. ‘ताई, घरच्यांचं ऐकू की मनाचं?’ असा तिचा प्रश्न.

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तोच मला पटला नाही. घरचे एका बाजूला, मन दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी तू करून ठेवली आहेस. पण तुझे वडील आणि तू एकाच विषयाचं बोलताय, आणि तो विषय आहे रसायनशास्त्र. भांडण त्यानंतरच्या पायरीचं आहे, आणि ती पायरी तुमच्यापैकी कोणीच अजून नीट पाहिलेली नाही.

आधी त्या नावाचं बघू. ‘क्राइम सीन इन्व्हेस्टिगेटर’ हे नाव आपल्याकडे आलं टीव्हीवरच्या मालिकांतून. तिथे एकच माणूस दार ढकलून आत जातो, केस उचलतो, तोच प्रयोगशाळेत ते तपासतो, तोच संशयिताला टेबलापलीकडे बसवून प्रश्न विचारतो आणि बेड्याही तोच ठोकतो. आपल्याकडे हे काम वेगवेगळ्या खात्यांतल्या माणसांत वाटलेलं आहे. शेजारच्या कर्नाटकाने ‘सीन ऑफ क्राइम ऑफिसर’ असं वेगळं पद काढलंय हे खरं, पण तिथेही तो अधिकारी पुरावा शोधतो आणि जपतो. आरोपीला पकडणं हे त्याचं काम नव्हे.

समज, पावसाळ्यातली रात्र आहे. किनाऱ्यापासून थोडं आत, भाड्याच्या खोलीत एक मृतदेह सापडलाय. तिथे कोण कोण येईल? पहिला येतो ठाण्यावरचा शिपाई. त्याचं काम एकच, आणि सगळ्यांत अवघड: कोणाला आत सोडायचं नाही. घरमालक, शेजारी, एखादा पंचायत सदस्य, बातमीदार, सगळ्यांनाच दारातून डोकवायचं असतं. मग तपास अधिकारी, म्हणजे उपनिरीक्षक किंवा निरीक्षक. पंचनामा त्याचा, मुद्देमाल त्याच्या ताब्यात, जबाब तो घेतो, आरोपपत्र तो दाखल करतो. ठसेतज्ज्ञ वेगळा, फोटो आणि चित्रीकरण करणारा वेगळा, श्वानपथक वेगळं. न्यायवैद्यक, म्हणजे फॉरेन्सिक, प्रयोगशाळेचा वैज्ञानिक येतो तो काय उचलायचं, कसं उचलायचं, कशात भरायचं हे पाहायला. मृतदेह बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो. तिथे शवविच्छेदन करणारा डॉक्टर एमबीबीएस झालेला असतो, आणि या विषयातला तज्ज्ञ म्हणजे पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एमडी केलेला. खोलीतला मोबाइल सायबरवाल्यांकडे. आणि सील केलेली पाकिटं काही दिवसांनी वेर्ण्याच्या राज्य प्रयोगशाळेत, जिथल्या माणसाने ती खोली कधी पाहिलेलीही नसते.

यातलं तुला कोण व्हायचंय?

उत्तर तू पत्रातच दिलं आहेस, तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. चार पानांत माणसांची उलटतपासणी करावी, आरोपीचा माग काढावा, असं एक वाक्य नाही. प्रॅक्टिकलला अज्ञात क्षार ओळखायला दिला की घड्याळाचं भान राहत नाही, असं मात्र तू दोनदा लिहिलंयस. ज्याला माणसं बोलती करण्यात रस आहे त्याने पोलीस उपनिरीक्षकाची परीक्षा द्यावी. त्याला कुठलीही पदवी चालते, पण शारीरिक चाचणी असते आणि प्रशिक्षण कडक असतं. तुझं चित्त बाटलीत काय आहे याकडे आहे. म्हणजे तू प्रयोगशाळेची माणूस, जी अधूनमधून घटनास्थळी जाईल. या दोन वाटा पहिल्या दिवसापासूनच वेगळ्या होतात. खाकी घातलीस तर क्षार ओळखायला मिळणार नाही, आणि पांढरा कोट घातलास तर अटक करायला.

त्या पांढऱ्या कोटातलं काम कसं असतं याची थोडी कल्पना देते. जमिनीवर तांबूस डाग आहे. तुमच्या भागात तर लाल माती दारातून घरात येतेच, पानाच्या पिचकाऱ्या आहेत, गंज आहे. फिनॉल्फथॅलिनची चाचणी केली आणि गुलाबी रंग आला, तरी वैज्ञानिक ‘रक्त सापडलं’ म्हणत नाही. तो लिहितो, रक्त असण्याची शक्यता. कारण बटाट्यासारख्या भाज्यांतली विकरं आणि काही धातूंचे क्षारही हा रंग आणू शकतात. मालिकांत रक्त शोधायला फवारतात ते निळं चमकणारं ल्युमिनॉल ब्लीचनेही चमकतं, म्हणजे आदल्या दिवशी कोणी फरशी ब्लीचने धुतली असेल तर अख्खी खोली उजळेल. मग खात्रीची चाचणी, मग ते रक्त माणसाचं का, मग डीएनए. प्रत्येक पायरीला लेखी नोंद. ओला कपडा असेल तर आधी सावलीत सुकवायचा आणि कागदी पाकिटात भरायचा. प्लॅस्टिकमध्ये कोंडला की ओलीने बुरशी धरते आणि डीएनए कुजतो. आपल्या आषाढातल्या दमट हवेत हे एवढंसं काम किती कटकटीचं होत असेल याचा विचार कर. पाकिटावर गुन्ह्याचा क्रमांक, तारीख, पंचांच्या सह्या, लाखेचं सील. प्रयोगशाळेत पोचल्यावर सगळ्यांत आधी पाहतात ते सील. ते शाबूत नसेल तर आतल्या वस्तूची किंमत न्यायालयात शून्यावर येऊ शकते.

आणि मग वाट पाहणं. खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात. तोवर तू शेकडो नमुने तपासलेले असतील आणि एक दिवस समन्स येईल. बचाव पक्षाचा वकील तासभर विचारेल, पाकीट कोणी उघडलं, किती वाजता, तेव्हा खोलीत कोण होतं, उपकरणाची तपासणी शेवटची कधी झाली. तिथे हुशारी उपयोगाची नाही; तेव्हा लिहून ठेवलेला कागद उपयोगाचा. हे वाचून तुला कंटाळा आला असेल तर प्रामाणिकपणे तसं स्वतःला सांग. काहींना याच भागात खरी गोडी वाटते. तू त्यातली असशील असा माझा कयास आहे, पण तो कयासच.

हा व्यवसाय निवडायला काळ बरा आहे, हे वडिलांना सांगण्यासारखं आहे. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली. तिच्या १७६व्या कलमानुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं बंधनकारक होत आहे, आणि ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार. २०२४ मध्येच केंद्राने प्रयोगशाळा आणि शिक्षणसंस्था वाढवण्यासाठी २,२५४ कोटींहून अधिक रकमेची योजना मंजूर केली. आपल्या दाराशीही बदल झालाय. एके काळी गोव्यातले नमुने तपासायला मुंबई-हैदराबादकडे जायचे. आता वेर्ण्याला प्रयोगशाळा आहे, फोंड्यात नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचं, म्हणजे एनएफएसयूचं केंद्र आहे आणि धारबांदोड्याला त्याच्या कायमच्या संकुलाची पायाभरणी ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली.

पण ‘माणसं लागणार’ आणि ‘मला नोकरी मिळणार’ यांत अंतर असतं. गोवा लहान राज्य. प्रयोगशाळा एक. जागा मोजक्या निघतात, आणि एकदा भरल्या की पुढची जाहिरात कधी येईल याचा नेम नाही. फक्त वेर्ण्याच्या भरवशावर आयुष्याची आखणी केलीस तर वडिलांची काळजी खरी ठरेल.

आता तू विचारलेल्या पहिल्या गोष्टीकडे येते. बीएस्सी सोडू नकोस. पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतरचा आहे. आता तिथे गेलीस तर झालेली दोन वर्षं पाण्यात. त्याहून मोठं कारण वेगळं आहे. केंद्रीय प्रयोगशाळांतल्या वैज्ञानिक पदांच्या जाहिराती काढून वाच. रसायन विभागाच्या पदासाठी रसायनशास्त्रात किंवा न्यायवैद्यक विज्ञानात एमएस्सी चालते, पण बीएस्सीला रसायनशास्त्र हा विषय असला पाहिजे, अशी अट त्यांत वारंवार दिसते. तू जी पदवी फेकून द्यायला निघाली आहेस, तीच अर्जातल्या पहिल्या रकान्यात मागतात. पदवीनंतर एनएफएसयूच्या एमएस्सीला जाता येतं. त्यासाठी एनएफएटी ही प्रवेशपरीक्षा असते, आणि फोंड्याच्या केंद्रात यंदा कुठले अभ्यासक्रम आहेत ते चालू वर्षाच्या माहितीपत्रकात पाहा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला महाराष्ट्र सरकारच्या न्यायवैद्यक विज्ञान संस्था आहेत. आणि ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एमएस्सी करता येते. तुझ्या जागी मी असते तर फोंड्यालाही अर्ज केला असता, पण मन ताळगावकडे कललं असतं. विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीला न्यायवैद्यक प्रयोगशाळाही घेते, औषध कंपनीही घेते, अन्न आणि पाणी तपासणारी प्रयोगशाळाही घेते. न्यायवैद्यक पदवीचं दार अरुंद आहे. तू कदाचित उलटं ठरवशील. निदान दोन्ही माहितीपत्रकं शेजारी ठेवून ठरव.

४५ हजारांच्या कोर्सबद्दल फार लिहीत नाही. पैसे भरू नकोस. मन मानत नसेल तर त्यांना एवढंच विचार: तुमच्या प्रमाणपत्रावर कुठल्या सरकारी प्रयोगशाळेच्या कुठल्या पदासाठी अर्ज करता येतो, ती जाहिरात दाखवा. आणि महिनाअखेरची सवलत पुढच्या महिन्यातही असते, हे बघच.

वडिलांचं मात्र नीट ऐक. तू लिहिलंयस की त्यांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा तू सहा-सात वर्षांची असशील, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या तेव्हा बारा-तेरा. हप्ते चालू आणि ट्रक दारात उभा, हे ज्याने दोनदा सोसलंय तो माणूस मुलीच्या नोकरीचं बोलताना स्वप्नाची भाषा करणार नाही. तो पगाराची तारीख विचारणार. त्यात तुझ्या इच्छेला विरोध मला दिसत नाही. उलट त्यांनी सुचवलेली नोकरी तुझ्या वाटेवरचीच आहे, आणि हे त्यांनाही माहीत नसावं. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये एचपीएलसी, जीसी-एमएस, स्पेक्ट्रोफोटोमीटर या, नमुन्यात कुठला पदार्थ किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रांवर रोज हात बसतो. विषबाधेच्या प्रकरणातला व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने, किंवा अमली पदार्थविरोधी पथकाने पकडलेली पुडी तपासायलाही याच जातीची यंत्रं लागतात. शिवाय तिथली शिस्त. वहीत खाडाखोड चालत नाही, चुकलं तर एक रेघ मारून सही आणि तारीख, आणि जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. न्यायालयात उभं राहण्याची याहून चांगली तालीम फुकट मिळणार नाही; इथे तर पगार मिळतो. तेव्हा वडिलांना ‘नाही’ म्हणण्याऐवजी विचार, ‘एमएस्सीनंतर दोन वर्षं कंपनीत काम करत जाहिरातींना अर्ज केले तर चालेल?’ मला वाटतं, चालेल.

आईशी बोलणं अवघड आहे, कारण ती दोन गोष्टी एकात मिसळून सांगतेय. मढ्यांचं म्हणशील तर रसायन विभागात मढं येत नाही. मीठपाण्याच्या बरणीत व्हिसेरा येतो, बाटलीत रक्त येतं, पाकिटात कपडा येतो. हे सांगितलंस तर तिची निम्मी भीती जाईल. उरलेली निम्मी लग्नाची आहे, तिला माझ्याकडे युक्ती नाही; पण रात्रीअपरात्री जावं लागणारी परिचारिका गावाने स्वीकारली तशी हीही स्वीकारली जाईल, एवढं मला दिसतं. अत्याचाराच्या प्रकरणात तर घटनास्थळी आणि प्रयोगशाळेत बाई असणं किती महत्त्वाचं आहे, हे आईला तुझ्यापेक्षा लवकर कळेल. एक गोष्ट मात्र आईपासून आणि स्वतःपासून लपवू नकोस. लहान मुलांची प्रकरणं येतात. ती पाकिटं उघडणाऱ्यांची झोप उडते. त्याबद्दल बोलायला घरात किंवा घराबाहेर एखादं माणूस असावं लागतं, आणि ते नोकरी लागण्याआधी जोडून ठेवावं लागतं.

चक्कर येण्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. रक्त पाहून काहींचा रक्तदाब एकदम उतरतो. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला असे काही जण कोसळतात आणि तरीही पुढे उत्तम डॉक्टर होतात. तसं वाटू लागलं की हातापायांचे स्नायू घट्ट आवळून धरायचे, नाहीतर सरळ आडवं होऊन पाय वर घ्यायचे. सवयीने हे कमी होतं. इंजेक्शनच्या सुईनेही तसंच होत असेल तर एकदा डॉक्टरांशी बोल.

इंग्रजीची काळजी रास्त आहे. अहवाल इंग्रजीत लिहायचा, साक्षही बहुधा त्याच भाषेत निभवायची. पण लागतं ते कोरडं, सरळ, छोट्या वाक्यांचं इंग्रजी. आजपासून प्रॅक्टिकलचं जर्नल छापील पुस्तकातून न उतरवता स्वतःच्या वाक्यांत लिही. मार्क थोडे इकडेतिकडे झाले तरी चालेल.

तुझ्याकडे एक जमेची बाजू आहे. राज्य सरकारच्या नोकरीला कोकणी येणं आवश्यक असतं आणि मराठी येत असल्यास प्राधान्य. तुला दोन्ही घरातच मिळालंय. मामलतदाराकडून मिळणारा पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड आत्ताच करून ठेव. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांचे अर्ज इथेच अडकतात. गोवा लोकसेवा आयोग आणि कर्मचारी निवड आयोग, दोन्हींच्या जाहिराती पाहत राहा.

असाच प्रश्न इतर शाखांतूनही येतो, म्हणून दोन ओळी. संगणक शिकणाऱ्यांनी डिजिटल फॉरेन्सिककडे पाहावं. आता जवळजवळ प्रत्येक प्रकरणात एक तरी मोबाइल असतो, आणि खाजगी क्षेत्रातही हे काम आहे. विज्ञान शाखेतल्या ज्यांची नजर बारीक आहे पण यंत्रांत रस नाही, त्यांनी बोटांच्या ठशांचा विचार करावा. हा विषय आपल्याकडचाच म्हणायला हरकत नाही: जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्यूरो १८९७ मध्ये कलकत्त्याला निघाला, आणि एडवर्ड हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या नावावर चालणाऱ्या ठशांच्या वर्गीकरणामागे त्याच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची मेहनत होती. वाणिज्य शाखेवाल्यांना बँकांतल्या आर्थिक घोटाळ्यांच्या तपासात जागा आहे.

आता या सुट्टीत करायच्या दोन गोष्टी. पहिली घरच्या घरी होते. भावंडाला सांग, स्वयंपाकघरात दहा वस्तू विस्कटून ठेव. तू आत न जाता दारातून आधी सगळं पाहायचं आणि लिहायचं. मग फोटो: पूर्ण खोलीचा, मग मधल्या अंतराचा, मग जवळचा, आणि जवळचा दोनदा, एकदा पट्टी ठेवून आणि एकदा न ठेवता. उत्तर दिशा दाखवून आराखडा काढ, प्रत्येक वस्तूचं अंतर दोन पक्क्या जागांपासून टेपने मोज. मग सगळं उचलून टाक आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या तुझ्या कागदांवरून भावंडाला ते जसंच्या तसं मांडायला सांग. कुठे चुकतं ते बघ, आणि चुकल्यावर पुन्हा करावंसं वाटतं का तेही बघ.

दुसरी गोष्ट कॉलेजातून. एकट्या विद्यार्थिनीला न्यायवैद्यक प्रयोगशाळा दाखवतील असं नाही, पण विभागप्रमुखांच्या सहीने वर्गाच्या भेटीसाठी पत्र गेलं तर त्याचा विचार होतो. मसुदा तूच कर, इंग्रजीत, एका पानाचा. भेट मिळाली तर यंत्रं पाहण्यात सगळा वेळ घालवू नकोस. तिथल्या एखाद्या वैज्ञानिकबाईंना विचार की गेल्या महिन्यात त्यांचे किती दिवस प्रयोगशाळेत गेले, किती न्यायालयात आणि किती घटनास्थळी. त्यांचं उत्तर ऐकून मग एमएस्सीचा अर्ज भर.